तिच्या पेटीत आरसा नाही

गल्लीत तिला कात्री म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. मी तिला ताई म्हणते.

ताई केस कापते. तिचं दुकान नाही. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्याकडे ती जाते आणि अंथरुणातच त्यांचे केस कापते. पुरुषांची दाढी करते. बायकांच्या केसांतला गुंता सोडवते, आणि सुटलाच नाही तर इतक्या बेताने कापते की कापलाय हे कळत नाही. तिच्या स्कूटरला मागे एक काळी पेटी बांधलेली असते. लहान मुलांना वाटतं, डॉक्टरीणबाई आल्या, आता सुई टोचणार. ती पळून जातात. ताई त्यांचा गैरसमज दूर करत नाही. तेवढीच पायातली लुडबुड कमी, म्हणते.

आमची ओळख मामाच्या खाटेपाशी झाली. मी साहित्यात एम. ए. करून घरी बसले होते आणि मामा दोन वर्षं पाठीवर पडून होता. घरात रिकामी माणसं आम्ही दोघंच. त्यामुळे त्याचे केस मीच कापायचे. कापल्यावर तो उंदरांनी कुरतडलेल्या उशीसारखा दिसायचा. शेवटी आईने कुणाकडून तरी ताईचा नंबर मिळवला.

तिने आल्या आल्या खोलीतली गर्दी बाहेर काढली. मान धरायला मला एकटीला ठेवलं. मग मामाकडे वळून विचारलं, "पूर्वी भांग कुठल्या बाजूला पाडायचात?"

दोन वर्षांत आम्ही सगळ्यांनी मामाला एकच गोष्ट विचारली होती, दुखतंय का. तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डावीकडे. पण कॉलेजात असताना मधोमध."

"मग कॉलेजातलाच पाडू."

तिच्या कामाची एक रीत आहे. मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, त्याखाली प्लास्टिक. आधी एक बाजू पूर्ण, मग माणूस कुशीवर, मग दुसरी बाजू. कात्रीची टोकं बोथट, कारण पडून असलेली माणसं कधी दचकतील सांगता येत नाही. केस धुवायला हवा भरून फुगवायचं एक रबरी भांडं आहे. त्याला मान टेकवायला खाच आहे. पाणी नळीने खाली बादलीत जातं आणि उशी कोरडी राहते. सगळ्यात शेवटी ती चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळते आणि तो हात चादरीवरून इंच इंच फिरवते. खाटेवर एक केस राहिला तरी पैसे घ्यायचे नाहीत असा तिचा नियम आहे. आपल्या मानेला केस टोचला तर आपण झटकतो, ती म्हणते, त्यांनी काय करायचं?

त्या दिवशी काम संपल्यावर मी मोठ्या उत्साहाने न्हाणीघरातला आरसा काढून आणला. ताईने तो माझ्या हातातून घेतला आणि कपाटावर पालथा ठेवला. मग मामाचा बरा हात उचलून त्याच्या मानेवर नेला. मामाने मानेवरून, कानामागून, कपाळावरून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. "जमलंय," तो म्हणाला.

आरसा का नको, हे तिने मला जिना उतरताना सांगितलं. पत्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात.

तिचे वडील न्हावी. घराच्या खालीच दुकान. दोन खुर्च्या, चार आरसे. वडिलांचा नियम होता, काम झालं की गिऱ्हाइकाच्या मानेमागे हातआरसा धरायचा, आणि त्याने मान डोलावल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. धंदा दादाला शिकवला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. ती दुकानात केस झाडायची. मुलीने खुर्चीमागे उभं राहायचं नाही, खुर्चीखाली वाकायला हरकत नव्हती. झाडता झाडता तिने सगळं बघून घेतलं.

मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. खाली दादा दिवसाला तीस डोकी हातावेगळी करायचा आणि वर बाबांची दाढी छातीपर्यंत आली. दादा वस्तरा घेऊन वर जायचा आणि रडत खाली यायचा. त्याचा हातच चालायचा नाही. एका सकाळी ताईने वस्तरा उचलला. तिला तीन तास लागले. ती म्हणते, एवढी चांगली दाढी मी पुन्हा कुणाची केली नाही. आणि काम झाल्यावर तिने बाबांचाच नियम पाळला. हातआरसा त्यांच्यासमोर धरला.

झटका आल्यापासून त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिला नव्हता. दाढीखाली तो झाकलेला होता. आता अर्धा चेहरा खाली ओघळलेला, तोंड एका बाजूला गेलेलं, सगळं लख्ख दिसलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. पंधरा दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

पुढे चार वर्षं ताईने त्यांची दाढी केली. आरशाशिवाय. काम झालं की त्यांचा हात त्यांच्या गालावर ठेवायचा. आधी शेजारच्या आजारी बाईंनी बोलावलं, मग पलीकडच्या गल्लीने, मग तो धंदाच झाला.

"ज्याला आरसा हवा त्याच्या घरात तो असतोच," ती खालच्या पायरीवर म्हणाली. "माझ्या पेटीतून निघणार नाही."

हे मी आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या आरशावरून झालं.

त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर जाऊ लागले, बादल्या वाहायला आणि कागद लिहायला. शहराबाहेर दीर्घ आजारांचं एक रुग्णालय आहे. साठ खाटा. तिथे महिन्यातून एकदा ठेकेदाराचा माणूस यायचा आणि मशीन लावून सगळ्यांची डोकी भादरायचा. बायकांचीही. सोपं पडायचं, स्वच्छ राहायचं. एका रुग्णाच्या घरच्यांनी ताईला तिथे पाठवलं. मेट्रनबाई दारात उभ्या राहून तिचं काम बघत होत्या. चादरीवरून चिकटपट्टी फिरू लागली तेव्हा त्या आत आल्या आणि म्हणाल्या, सगळा वॉर्डच घ्याल का? पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. पण एकट्या बाईचं हे काम नव्हे, निदान तिघी लागतील. आणि बिलाचे पैसे तीन महिन्यांनी मिळतील, रुग्णालयाचा नियम आहे. महिनाअखेरपर्यंत नक्की सांगा, नाहीतर ठेकेदाराचा करार आणखी वर्षभर पुढे जाईल. म्हणजे आणखी वर्षभर साठही डोकी सारखी.

ताईला दोघी मिळाल्या. एक पार्लरमधली नोकरी सोडलेली, आम्ही तिला पार्लरवाली म्हणतो. दुसरी शिंपीण, जिचा हात सुईच्या नाक्यात दोरा घालतानाही हलत नाही. राहिले पैसे. आणखी दोन पेट्या, दोन फुगवायची भांडी, बॅटरीवरची यंत्रं, हत्यारं उकळायचा डबा, एक जुनी स्कूटर, आणि दोघींचा तीन महिन्यांचा पगार. नेहमीच्या बँकेने तारण काय देता विचारलं. ताईने कात्री काढून टेबलावर ठेवली. ते हसले. ती हसली नाही. पेटी बंद करून निघून आली.

मग कळलं की विकास बँकेने छोट्या सेवा व्यवसायांसाठी एक योजना काढली आहे. जे वस्तू बनवत नाहीत, माणसांची कामं करून देतात, त्यांच्यासाठी. तारण नको. मी म्हटलं, ही तर तुझ्यासाठीच काढलीय. ताई म्हणाली, बघू या, दुरून डोंगर साजरे.

अर्जाच्या खिडकीवरच्या कारकुनांनी यादीत बोट फिरवलं आणि आमचा व्यवसाय 'केशकर्तनालय' या नावाखाली टाकला. ताई म्हणाली, आलय कुठाय त्यात? ते म्हणाले, तुमच्या सगळ्यात जवळचं तेच आहे. सोबत त्यांनी एक नमुना अहवाल दिला. असाच भरून आणा, म्हणजे अडणार नाही.

मी तो तसाच भरला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. ताई वाचताना ओळीखाली बोट धरते. तिचं बोट दुसऱ्या पानावर थांबलं.

"हे चार आरसे कुणाचे?"

मी म्हटलं, नमुन्यात होते.

"आणि हा वाट बघायचा बाक?"

तोही नमुन्यात होता. दर्शनी काचेचा दरवाजाही होता. तिने मला ते सगळं खोडायला लावलं. कारकुनांनी खाडाखोड आहे म्हणून अर्ज परत दिला. दुसरा अर्ज भरला, आरशांचा रकाना कोरा ठेवला. कारकून म्हणाले, संगणक कोरा रकाना घेत नाही. मी विचारलं, शून्य घालू का? शून्यही घेत नाही. केशकर्तनालय म्हटलं की आरसा हवाच, संगणक मागतो, मी नाही. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला आणि अर्ज कागदावरच पुढे ढकलला. पाहणीला येणारे साहेब बघून घेतील.

व्यवसायाचं ठिकाण या रकान्यात काय लिहू, असं मी ताईला विचारलं होतं. तिने सांगितलं, "ग्राहकाच्या खाटेपाशी." मी तेच लिहिलं.

पाहणीची बातमी दादाला लागली. तो रविवारी संध्याकाळी ताईच्या घरी आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. स्वभावाने तो वाईट नाही. घरी आला की तिच्या कात्र्यांना धार लावून जातो, न सांगता. त्याने उपाय आणला होता. पाहणीच्या दिवशी माझं दुकान घे. मी समोरच्या टपरीवर चहा पीत बसतो. साहेब आले की तू खुर्चीमागे उभी राहा. आरसे आहेत, बाक आहे, काचेचा दरवाजा आहे. सगळेच असं करतात. अमक्याने काकाचा कारखाना दाखवला आणि कर्ज घेतलं.

"खोटं बोलायचंसुद्धा नाही," दादा म्हणाला. "नुसतं उभं राहायचं."

"तिथेच तर उभं राहू दिलं नव्हतं मला," ताई म्हणाली.

दादाने कप खाली ठेवला. ते बाबांचं होतं, तो म्हणाला, माझं नव्हतं. ताई म्हणाली, बाबांना जाऊन दहा वर्षं झाली, दुकान तुझं झालं, या दहा वर्षांत एकदाही तू म्हणाला नाहीस, ये, उभी राहा. आज बँकेला दाखवायला मी हवी?

दादा उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "ताठ्याने पोट भरत नाही, बाई."

"वाकून किती भरलं ते मी बघितलंय. झाडू माझ्याच हातात होता."

खरं सांगते, मी दादाच्या बाजूची होते. मी तिला म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. तिकडे साठ माणसं आहेत, मेट्रनबाई किती थांबतील? ताई पेटी पुसत होती. म्हणाली, एका दिवसाचा नाही. दर वर्षी पाहणी होणार, दर वर्षी दुकान उसनं आणायचं. आणि शिंपीणबाईंना काय शिकवू मी? केस असे कापायचे, आणि साहेब आले की असं उभं राहायचं?

पाहणी अधिकाऱ्यांचा फोन आला, दुकानाचा पत्ता द्या. ताईने दिला. उद्या दहा वाजता, तिसरा मजला.

तो पत्ता टायपिस्टबाईंचा होता. कोर्टात अठ्ठावीस वर्षं टायपिंग करून त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी कमरेखालचं शरीर गेलं. अधिकारी माझ्याच वयाचा असेल. तीन जिने चढून त्याला धाप लागली होती. हातात पॅड, पॅडला यादी. त्याने खोलीभर नजर फिरवली. खाट, औषधांचं टेबल, एक स्टूल, खिडकी.

"दुकान कुठे आहे?" त्याने विचारलं.

खाटेवरून आवाज आला. "हे काय. मीच दुकान. या. स्टूल एकच आहे आणि ते तिला लागतं, तेव्हा उभे राहा."

तो उभा राहिला. ताईने भांडं फुगवलं, मान खाचेत ठेवली आणि पाण्याचा मग त्याच्या हातात दिला. पॅड काखेत धरून तो पाणी ओतू लागला. धार एकदम पडली.

"हळू, साहेब," टायपिस्टबाई म्हणाल्या. "चहा टाकायचा नाहीये."

पन्नास मिनिटं ताई त्याला विसरून गेली. टायपिस्टबाई त्याला कोर्टाच्या गोष्टी सांगत होत्या आणि मधून मधून त्याची नोकरी कायमची आहे का, लग्न झालंय का, याची पाहणी करत होत्या. केस कापून झाले. माणूस कुशीवर झाला, पुन्हा सरळ झाला. चिकटपट्टी चादरीवरून फिरली. अधिकारी वाकून बघत होता. त्यालाच एक केस दिसला, उशीच्या शिवणीत. त्याने तो दोन बोटांनी उचलला आणि कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला.

ताईने टायपिस्टबाईंचा हात त्यांच्या मानेवर नेला. त्या चाचपून म्हणाल्या, मागे एक नखभर कमी चाललं असतं. मग बघितलं तर अधिकारी यादीकडे डोळे लावून पुटपुटत होता, आरसे.

"मी कशी दिसते ते मला ठाऊक आहे," टायपिस्टबाई त्याला म्हणाल्या. "केस कसे झालेत तेवढं कळायला हवं होतं. ते कळलं. लिहा."

त्याने लिहिलं. उभ्या उभ्या दोन पानं लिहिली. खाली उतरल्यावर म्हणाला, मी पाहिलं ते लिहिलंय, पण निर्णय समितीचा असतो आणि समिती ऑफिसात बसते.

महिना संपायला अकरा दिवस होते तेव्हा मंजुरीचं पत्र आलं. मागितली होती त्यापेक्षा रक्कम जास्त. मी उडीच मारली. ताईने ओळीखाली बोट धरलं. बोट सातव्या अटीवर थांबलं. लाभार्थ्याने तीन महिन्यांच्या आत ग्राहकांना येण्याजोगी, रस्त्याला लागून असलेली जागा भाड्याने घ्यावी. त्या जागेची अनामत रक्कम कर्जातच धरली होती, म्हणून आकडा फुगला होता. पुढे सामानाची यादी. आरसे, चार.

तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, चल.

समितीत तिघं होते. अध्यक्ष थकलेले आणि सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, बाई, हा पैसा लोकांचा आहे. आम्ही तारण घेत नाही. निदान दुकान तरी डोळ्यांना दिसतं. उद्या तुम्ही पेटी उचलून दुसऱ्या गावी गेलात तर आम्ही कुठे शोधायचं?

ताई म्हणाली, विचारताय ते बरोबर आहे.

"पण माझं गिऱ्हाईक उठून पळणार नाही, साहेब," ती म्हणाली. "मला शोधायचं तर त्यांच्या घरी या. महिन्यातून एकदा मी तिथे सापडतेच."

दुसरे सदस्य हसू दाबत कागद चाळू लागले. तिसऱ्यांनी विचारलं, समजा, जागा घेतलीत, दोन खुर्च्या टाकल्यात, तर धंदा वाढणार नाही का? ताईने विचारलं, खुर्चीत कोण बसणार? गिऱ्हाईक बसेल, ते म्हणाले.

"बसता आलं असतं तर तो माझ्या भावाच्या दुकानात गेला असता."

अध्यक्षांनी चष्मा काढला. अटी वरून ठरून येतात, ते म्हणाले, बदलणं कठीण आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, आज सही करा, पैसे घ्या, काम सुरू करा. तीन महिन्यांनी जागेचं कुणी बघायला येत नाही.

त्यांनी हे भल्यासाठीच सांगितलं होतं. मी ताईच्या हाताकडे बघत होते. पेन तिच्यासमोर होतं.

"कुणी बघत नाही म्हणून सही करायची," ताई म्हणाली, "तर मग चादर तरी कशाला साफ करू मी? तीही कुणी बघत नाही."

तिने पत्र टेबलावर ठेवलं, सहीविना, आणि उठली. पाणी प्यायचं राहिलं होतं, ते उभ्याने प्यायली आणि ग्लास जागेवर ठेवला.

जिन्यात मी तोंड उघडं टाकून तिच्यामागे उतरत होते. मंजूर झालेलं कर्ज कुणी परत केलेलं मी ऐकलं नव्हतं. "तोंड मिट," ती म्हणाली, "माशी जाईल."

तिथून आम्ही थेट रुग्णालयात गेलो. तिने मेट्रनबाईंना काही लपवलं नाही. कर्ज मिळालेलं नाही. तरी मी पहिल्या तारखेला येणार, तिघी येणार. मेट्रनबाईंनी विचारलं, एका भांड्यावर साठ डोकी कशी धुवाल? एक एक करून, ताई म्हणाली. मेट्रनबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, एक महिना बघते. ठेकेदाराला तेवढं थांबवता येईल मला, त्यापुढे नाही.

पार्लरवाली आणि शिंपीण यांनाही तिने तसंच सांगितलं. बिल येईपर्यंत पगार नाही, नको असेल तर आत्ता सांगा, राग नाही. पार्लरवाली म्हणाली, मी एक महिना ओढेन. शिंपीण म्हणाली, मी दोन, पण तुम्ही माझ्यावर ओरडायचं नाही. ताई म्हणाली, ते जमणार नाही.

पहिली तारीख आली. सकाळी आठला आम्ही वॉर्डात होतो. मी बादल्या वाहत होते. वॉर्डात पाऊण बोटाच्या वर कुणाचेच केस नव्हते, ठेकेदाराची कृपा. त्यामुळे पहिल्या दिवशी कापण्यासारखं फारसं नव्हतंच. दाढ्या, कानामागची सफाई, धुणं. तरी ताई प्रत्येकाला विचारत होती, भांग कुठे होता? शिंपीण एका कागदावर ते खाटेच्या क्रमांकासमोर लिहून घेत होती. पुढच्या महिन्यासाठी. पुढचा महिना आहेच असं धरून.

साडेदहाला दारात दादा दिसला. दुकानाचा सुट्टीचा दिवस होता. हातात त्याची पेटी होती. तो आत येत नव्हता. ताईने एकदा वर पाहिलं.

"हातआरसा बाहेर ठेव," ती म्हणाली.

त्याने पेटी उघडली, बाबांचा हातआरसा काढला, व्हरांड्यातल्या खिडकीत पालथा ठेवला आणि आत आला. तिने त्याला चौदा नंबरची खाट दिली. चौदा नंबरच्या गृहस्थांचं तोंड एका बाजूला गेलेलं होतं. दादाने साबण लावायला घेतला. वस्तरा उचलायच्या आधी त्याने तो दोनदा लावला. ताईने मुद्दाम पाठ केली होती.

बाराच्या सुमाराला पाहणी अधिकारी आला. हातात बँकेचा लिफाफा. तो सरळ ताईपाशी गेला आणि म्हणाला, नवं पत्र आहे, आजच सही लागेल, एकला कॅशियर जेवायला जातात.

ताईचे हात फेसाने भरले होते. "थांबा," ती म्हणाली. "हे डोकं होऊ दे."

तो थांबला. वीस मिनिटं बँक खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

मग ताईने हात पुसले आणि ओळीखाली बोट धरलं. अधिकारी सांगत होता, अध्यक्षांनी दोनदा वर लिहिलं, माझा अहवाल जोडला, टायपिस्टबाईंनीही बँकेला एक पत्र पाठवलंय, टाईप केलेलं, सात पानी, त्याला उत्तर द्यायची कुणाची हिंमत होईना. ताई वाचत राहिली. सातवी अट गेली होती. अनामतीची रक्कम वजा झाली होती, जेवढे लागत होते तेवढेच पैसे उरले होते. व्यवसायाचं ठिकाण: ग्राहकाच्या खाटेपाशी. बोट पुढच्या पानावर गेलं. थांबलं.

"आरसा, एक?"

अधिकाऱ्याने मान खाजवली. म्हणाला, संगणक शून्य घेत नाही. मी फार खटपट केली. चारावरून एकावर आणलाय.

"मग तो एक त्या संगणकासमोर लावा," ताई म्हणाली. "त्यालाही कळू दे आपलं तोंड कसं आहे."

चौदा नंबरचे गृहस्थ हसले. अर्ध्याच तोंडाने, पण मोठ्याने. दादाने वस्तरा घाईने बाजूला घेतला.

ताईने अधिकाऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, ती ओळ खोडली, शेजारी छोटी सही केली आणि खाली मोठी सही केली.

"खाडाखोड चालत नाही, ताई," तो म्हणाला. बँकेतून आलेल्या कुणी तिला ताई म्हणायची ती पहिलीच वेळ.

"चालवून बघा."

पैसे नवव्या दिवशी जमा झाले, त्या खाडाखोडीसकट. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्याने पत्र लिफाफ्यात घातलं आणि घड्याळ बघितलं. कॅशियर जेवायला जायला अजून अर्धा तास होता.

ताईने पाण्याचा मग त्याच्या हातात दिला.

"एकवीस नंबर," ती म्हणाली. "आणि धार बारीक धरा."